मेणवलीचे दप्तर आणि वॉर्साचा राखणदार



पुण्याकडून जे येथे आले असतील ते बहुतेक वाईवरून पसरणीचा घाट चढून आले असतील. घाट चढताना मागे वळून पाहिले तर खाली कृष्णेचे पात्र दिसते, आणि वाईपासून कोस-दीड कोसावर त्या पात्राच्या काठी झाडीत दडलेले एक गाव आहे. त्या गावाचे नाव मेणवली. चित्रपटांमुळे हल्ली ते पुष्कळांस ठाऊक झाले आहे. तेथला घाट, तेथला वाडा, देवळापुढची ती प्रचंड घंटा यांची छायाचित्रे घरोघर आहेत. परंतु मी आज ज्यासाठी आपणांस मेणवलीस नेणार आहे, ती वस्तू आता मेणवलीत नाही. ती वस्तू म्हणजे कागद. नाना फडणिसांचे खाजगी दप्तर.

विषयपत्रिकेवर मात्र आपण वाचले आहे की, युद्धकाळात आपल्या देशाचे संग्रह राखणाऱ्या एका पोलिश पंडिताचे स्मरण आज करावयाचे आहे. मग मेणवली कशाला, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की, परक्याचे मोठेपण आपल्या मापाने मोजून पाहिल्यावाचून कळत नाही. वॉर्सामध्ये त्या माणसाने काय केले हे समजावयास आधी आपल्या पायथ्याशी काय घडले ते पाहावे लागेल. शिवाय दोन्ही गोष्टी एका सालापाशी एकमेकींस येऊन भेटतात. ते साल १९३९.

प्रथम दप्तर म्हणजे काय ते सांगतो, कारण नव्या पिढीस दप्तर म्हटले की शाळेची पिशवी आठवते. पेशवाईतला कारकून बोरूने, मोडी लिपीत, हातकागदावर लिही. मोडीत शब्दाशब्दांत अंतर नसते. ओळीच्या माथ्यावरची रेघ आधी ओढून घ्यावयाची आणि मग अक्षरामागून अक्षर हात शक्य तितका न उचलता लिहीत जावयाचे. शाई काजळाची, म्हणून ती दोनशे वर्षे फिकट होत नाही. परंतु पाणी लागले की पसरते. असे कागद एकत्र करून त्यांचे पुडके बांधीत आणि पुडकी चौकोनी कापडात बांधून ठेवीत. त्या कापडास रुमाल म्हणत, आणि म्हणून बांधलेल्या गाठोड्यासही रुमाल म्हणत. रुमालांचे मिळून दप्तर. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्यास आपण पेशवे दप्तर म्हणतो, तेथे असे हजारो रुमाल आजही आहेत.

या बांधणीत एक मर्म आहे, ते नीट लक्षात ठेवावे. जुन्या मराठी पत्रावर पुष्कळदा साल नसते. ‘चंद्र ७ सफर’ एवढे लिहिले की कारकुनाचे काम झाले. म्हणजे मुसलमानी महिन्याची सातवी तिथी कळली. वर्ष कोणते ते पत्र घेणाऱ्यास ठाऊकच होते. आपणांस ते कसे कळावे? त्या पत्राच्या शेजारी कोणती पत्रे बांधली होती यावरून. एका पत्रात कोणाच्या लग्नाचा उल्लेख असतो, दुसऱ्यात एखाद्या किल्ल्याच्या वेढ्याचा, तिसऱ्यात सुदैवाने साल असते. तिघांच्या साक्षीने चौथ्याचे वय ठरते. रुमाल सुटला, कागद इतस्ततः झाले, की शाई शाबूत, कागद शाबूत, अक्षर वाचता येते, आणि तरी पत्र मुके होते. म्हणून संग्रह राखणे म्हणजे नुसते कागद राखणे नव्हे. त्यांचा शेजार राखावा लागतो.

आता नानांकडे येऊ. बाळाजी जनार्दन भानू, जन्म १७४२. पानिपतच्या रणातून हा एकोणीस वर्षांचा मुलगा जीव घेऊन परतला. त्याची आई मात्र त्या धांदलीत गेली ती गेलीच. पुढे हाच पेशव्यांचा फडणीस झाला. फडणीस म्हणजे हिशेब आणि कागद यांचा धनी. दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण, कलकत्ता, जेथे जेथे मराठ्यांचा वकील असे, तेथून बातमीची पत्रे येत, आणि त्यांवर नानांची नजर फिरल्यावाचून राहत नसे. सरकारी दप्तर पुण्यास होतेच. परंतु स्वतःच्या हाताखालचे पुष्कळसे कागद मेणवलीच्या वाड्यात राहिले. तलवार न धरता पंचवीस वर्षे राज्य सांभाळलेल्या माणसाचे खरे शस्त्रागार म्हणजे ते दप्तर.

१३ मार्च १८०० रोजी नाना वारले. पुढची चार वर्षे आपल्या इतिहासात जितकी लाजिरवाणी तितकीच धोक्याची. नानांच्या मागे त्यांची शेवटची बायको जिऊबाई, वयाने लहान मुलगी. दुसऱ्या बाजीरावास नानांची मालमत्ता हवी होती. मेणवलीही जप्तीतून सुटली नाही. १८०२ मध्ये होळकरांनी पुणे घेतले, बाजीराव वसईस पळाला, आणि इंग्रज फौजा घाटावर आल्या. अशा धामधुमीत नानांचे एक निष्ठावंत आश्रित धोंडोपंत निजसुरे लोहगड धरून बसले आणि जिऊबाईंचा सांभाळ त्यांनी तेथे केला. अखेर १८०४ मध्ये जनरल वेलस्लीच्या मध्यस्थीने गड सोडावा लागला. जिऊबाईंस वार्षिक १२,००० रुपयांची नेमणूक मिळाली आणि त्या पनवेलीस राहावयास गेल्या. मेणवलीही पुढे त्यांच्याकडे परत आली. १८५४ पर्यंत त्या हयात होत्या. म्हणजे पेशवाई बुडाली, साताऱ्याचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, आगगाडी ठाण्यापर्यंत आली, आणि तरी नानांची विधवा जिवंत होती! एका घराचे कागद एका घरात राहिले याचे श्रेय किल्ल्यांच्या भिंतींपेक्षा या दीर्घायुषी बाईच्या अस्तित्वाला अधिक आहे असे मला वाटते. घरात माणूस असले की माळ्यावरच्या गाठोड्यास कोणी सहजासहजी हात लावीत नाही.

जेथे असे माणूस उरले नाही तेथे काय झाले ते पाहा. रायगड दोनदा पडला. १६८९ मध्ये मोगलांनी घेतला, आणि शिवछत्रपतींच्या राज्याचे मूळ दप्तर आपणांस आज जवळजवळ पारखे झाले आहे त्याचे मोठे कारण तेच. पुन्हा १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजी तोफांच्या माऱ्याने गडावर आग लागली आणि उरलेसुरले गेले. झाशीची कथा तर आपल्याच एका भिक्षुकाने लिहून ठेवली आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५८ च्या एप्रिलात झाशीत अडकले होते. शहराची लूट त्यांनी डोळ्यांनी पाहिली. आणि सोनेनाण्याच्या लुटीबरोबर राजवाड्यातील ग्रंथसंग्रहाची दुर्दशा झाली तीही त्यांनी हळहळून नोंदली आहे. गरीब ब्राह्मण, जीव मुठीत धरून बसलेला, अंगावर धड वस्त्र नाही. आणि त्याला पोथ्यांचे दुःख होते. ‘माझा प्रवास’ वाचताना त्या जागी मी नेहमी थांबतो.

आणि युद्ध नुसते नाश करते असे नाही, ते वस्तूंची ठिकाणेही बदलते. मेणवलीच्या देवळापुढची ती घंटा मूळची वसईकडच्या ख्रिस्ती मंदिरातली. तिच्यावर १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली त्या विजयाची ती निशाणी. आपण तिच्याकडे अभिमानाने पाहतो, आणि तो अभिमान खोटा नाही. परंतु ज्यांच्या मंदिरातून ती आली त्यांच्या दृष्टीने ती काय असेल, हाही विचार कधी करावा. वॉर्साचा विषय निघाला म्हणून सांगितले.

१८१८ नंतर लढाया थांबल्या. तरी कागदांवरचे संकट टळले नाही. त्याने फक्त रूप बदलले. साताऱ्यास रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने तेथले व इतर ठिकाणचे कागद चाळून १८२६ मध्ये आपला इतिहास प्रसिद्ध केला. आधारांच्या नकला मुंबईच्या लिटररी सोसायटीत ठेवल्याचे तो ग्रंथात सांगतो. त्या नकला पुढे सापडल्या नाहीत. त्याने कागद जाळले, असाही प्रवाद उठला. त्या प्रवादावर माझा विश्वास नाही. कागद हरवावयास दुष्टपणाच लागतो असे नाही, आळसही पुरतो. डेक्कन कॉलेजात शिकणाऱ्या नीलकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने १८६७-६८ मध्ये डफवर टीका करणारा निबंध लिहिला, तेव्हापासून आपले कागद आपण शोधले पाहिजेत ही जाणीव शिकलेल्यांत पसरू लागली. १८७८ मध्ये ‘काव्येतिहाससंग्रह’ निघाले. खरे काम त्यानंतरचे.

परंतु कागद मागावयास गेले की दार बंद होई. का? लोक अडाणी होते म्हणून नव्हे. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसले. सनदा दाखवा, नाही तर जमीन सोडा. ज्याच्याकडे कागद नव्हता त्याचे गेले, आणि ज्याने भोळेपणाने कागद दाखवला त्याचेही कधी कधी गेले. त्या दहशतीत घराघरांतून दप्तरे पेटाऱ्यांत, पेटारे माळ्यावर, माळ्याची शिडी काढून अडगळीत, असा प्रकार झाला. गंमत अशी की आपला अर्धा इतिहास या भीतीनेच राखला. इतिहासावर प्रेम होते म्हणून कोणी ते कागद ठेवले नाहीत. वतनाचा दावा उद्या उपयोगी पडेल म्हणून ठेवले. पुढे दाव्यांची आशा संपली तसा कागदांचा धाकही संपला, आणि मग वाळवी, पागोळ्या, उंदीर व वाणी यांचे राज्य सुरू झाले. आमच्या या भागात तर पाऊस हाच मोठा शत्रू. महाबळेश्वरी वर्षाकाठी दोनशे इंचांवर पाऊस पडतो. येथे चार महिने मीठदेखील पाण्याचे होते, तेथे हातकागदाची काय कथा!

या कालखंडात सातारा-सांगलीच्या टापूत तीन माणसे निघाली. तिघांचे स्वभाव तीन तऱ्हांचे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेस शाळेत संस्कृत शिकवीत आणि उरलेल्या वेळात पटवर्धनांच्या दप्तरातील लढायांची पत्रे लावीत. १८९७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९२४ पर्यंत, त्यांनी ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंडामागून खंड काढले. एका जागी बसून एकच दप्तर पुरे करावे, हा त्यांचा बाणा. राजवाडे त्यांच्या उलट. अंगावर घोंगडी, पायी प्रवास, कोणाची मुर्वत नाही. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला तो वाईस सापडलेल्या कागदांवर. त्या मालेचे बावीस खंड झाले. राजवाड्यांवर पुष्कळ बोलले गेले आहे, मी येथे थांबतो.

तिसरे दत्तात्रय बळवंत पारसनीस. यांच्यावर मात्र फार थोडे बोलले जाते. जन्म १८७०. सतराव्या वर्षी ‘महाराष्ट्र कोकिळ’ नावाचे मासिक काढले, विद्यापीठाची पदवी नाही, हाती पैसा नाही. १८९४ मध्ये झाशीच्या राणीचे चरित्र लिहिले. पुढे सातारा हे त्यांचे ठाणे झाले. १९०८ पासून ‘इतिहाससंग्रह’ हे मासिक चालविले, आणि त्यातून जुनी पत्रे छापीत गेले. किंकेडबरोबर इंग्रजीत मराठ्यांचा त्रिखंडी इतिहास लिहिला. १९१६ मध्ये त्यांनी एक इंग्रजी पुस्तक लिहिले त्याचे नाव ‘महाबळेश्वर’. ज्या गावी आज आपण बसलो आहो त्याची ही हकीगत. १९१३ मध्ये सरकारने त्यांस रावबहादूर केले. राजवाडे गोऱ्या साहेबाकडे पाहत नसत, पारसनीस साहेबाशी हस्तांदोलन करून त्याच्या कपाटातले चित्र पाहून येत. या गोष्टीवरून त्या काळी पारसनिसांस पुष्कळ नावे ठेवली गेली. मला विचाराल तर, दप्तराला राजवाडे हवे होते आणि पारसनीसही हवे होते. रागावून निघून जाणारा माणूस संस्थानिकाच्या दिवाणखान्यातले चित्र मिळवू शकत नाही.

मेणवलीचे दप्तर पारसनिसांच्या हाती आले ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी मिळकत. त्याबरोबर चित्रे, नकाशे, हस्तलिखिते, जुनी पुस्तके असा मोठा संग्रह त्यांनी जमविला. तो एका खाजगी घरात राहिला तर आपल्यामागे काय होईल हे त्यांस स्वच्छ दिसत होते. पेशव्यांच्या दप्तराचे बाजीरावाच्या हातून काय झाले, हे तर त्यांस तोंडपाठ असणार. म्हणून त्यांनी साताऱ्यास संग्रहालय उभे करविले. ते १९२५ मध्ये सिद्ध झाले, आणि ३१ मार्च १९२६ रोजी पारसनीस वारले. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी राजवाडेही गेले. जदुनाथ सरकारांसारख्या काटेकोर इतिहासकाराने या दोघांवरही लिहिले आहे. त्यांच्या मोजमापाला उतरणे सोपे नव्हते.

पुढे साताऱ्याचा हा संग्रह पुण्यास डेक्कन कॉलेजात गेला. डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले होते. संशोधनसंस्था म्हणून ते १७ ऑगस्ट १९३९ रोजी पुन्हा उघडले, आणि त्याच वर्षी साताऱ्याचे संग्रहालय तेथे हलविण्यात आले. साताऱ्याच्या लोकांस याचे वाईट वाटले असेल. आजही वाटते. तथापि गोष्ट तडीस गेली ती अशी: नानांचे कागद मेणवलीहून साताऱ्यास, साताऱ्याहून येरवड्याच्या त्या दगडी इमारतीत. रुमाल बांधलेले, यादी झालेली, छप्पर न गळणारे.

डेक्कन कॉलेज उघडल्यास दोनच आठवडे झाले होते. १ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर चाल केली.

वॉर्सा शहराच्या राष्ट्रीय संग्रहालयाचे संचालक होते स्तानिस्लाव लोरेंट्झ. जन्म १८९९, म्हणजे चाळिशीतला माणूस, कलेचा इतिहास हा विषय. शहरावर बाँब पडू लागले तेव्हा त्यांनी व त्यांच्या माणसांनी चित्रे तळघरात नेली. १७ सप्टेंबरला जुना राजवाडा पेटला. जळत्या वाड्यातून वस्तू बाहेर काढावयास जी माणसे गेली त्यांत त्या वाड्याचा एक रखवालदार अधिकारी कामी आला. शहर पडल्यावर जेत्यांनी त्या वाड्याच्या भिंतींस हजारो भोके पाडविली, सुरुंग भरण्यासाठी. मूठभर पोलिश तज्ज्ञ व कामगार त्या मोडक्या वाड्यात ये-जा करीत राहिले. वाडा वाचणार नाही हे त्यांस कळून चुकले होते. म्हणून त्यांनी काय केले? कोरीव दारे काढली, चुन्यातील नक्षीचे तुकडे काढले, लादणीचे नमुने, भिंतीवरील चित्रांचे पोपडे, शेगड्यांचे दगड. जे हाती येईल ते संग्रहालयात आणून ठेवले. वेड्याचा बाजार वाटावा असा तो प्रकार. तुकडे! ज्या शहरात अन्न नाही, कोळसा नाही, रस्त्यातून माणसे पकडून नेतात, तेथे हे लोक चुन्याचे तुकडे वेचीत होते.

दुसरे काम त्याहून धोक्याचे. जर्मन अधिकारी चित्रे व ग्रंथ उचलून नेत, तेव्हा काय नेले, केव्हा नेले, कोणी नेले, याची लोरेंट्झ व त्यांचे सहकारी गुप्त नोंद ठेवीत. हाताशी बंदूक नाही. आहे ती यादी. ती सापडली असती तर मरण होते. परंतु युद्ध संपल्यावर ‘आमचे परत द्या’ असे म्हणावयास दुसरा आधार नव्हता. नोंद नसलेली वस्तू चोरीस गेली हेदेखील सिद्ध करता येत नाही. आमच्या फडात बसणाऱ्या कारकुनाला हे सांगावयास नको होते.

१९४४ मध्ये वॉर्साने उठाव केला, तो ६३ दिवस चालला आणि २ ऑक्टोबरला संपला. हिटलरने शहर जमीनदोस्त करण्याचा हुकूम दिला. सगळे रहिवासी बाहेर काढले. रिकाम्या शहरात घरामागून घर पेटविणे सुरू झाले. शरणागतीच्या करारात संग्रह बाहेर काढण्यास वाव ठेवला होता, त्याचा आधार घेऊन ग्रंथपाल, संग्रहालयवाले, दप्तरवाले यांच्या तुकड्या त्या मेलेल्या शहरात रोज जाऊ लागल्या. त्यांत लोरेंट्झ होते. प्रुश्कुफ नावाच्या जवळच्या गावी त्यांचा तळ होता, म्हणून या कामगिरीस त्याच गावाचे नाव पडले. सकाळी शहरात जावयाचे, थंडीत, पडक्या भिंतींखाली ग्रंथ बांधावयाचे, गाडीवर चढवावयाचे आणि संध्याकाळी परतावयाचे. १९४५ च्या जानेवारीपर्यंत हे चालले. पुष्कळ वाचले. परंतु एका ग्रंथालयात जर्मनांनी स्वतःच शहरभरातील अमूल्य हस्तलिखिते गोळा करून ठेविली होती, ती करार असूनही ऑक्टोबरात जाळण्यात आली. एका जागी सर्व ठेवल्याचा तो परिणाम. वर सांगितलेल्या वाड्याच्या भिंतीही त्याच हिवाळ्यात उडविल्या.

लोरेंट्झ युद्धानंतरही संग्रहालयाचे संचालक राहिले, १९८२ पर्यंत. वाडा पुन्हा बांधण्याचा निर्णय १९७१ मध्ये झाला आणि १९८४ मध्ये तो लोकांस खुला झाला. वेचून ठेवलेले ते तुकडे नव्या भिंतींत आपापल्या जागी बसविले. कोठला तुकडा कोठला हे माहीत होते म्हणून बसविता आले. १९९१ मध्ये लोरेंट्झ वारले.

पोलंड म्हणजे आपणांस फार दूरचा देश वाटतो. पण त्याच युद्धात रशियातून सुटलेले पोलिश स्त्री-पुरुष आणि मुले १९४३ पासून कोल्हापूरजवळ वळिवड्यास राहत होती. सुमारे पाच हजार माणसांची ती वसाहत १९४८ पर्यंत होती. त्यांतली छातीच्या विकाराने आजारी मुले आपल्या पाचगणीच्या हवेत ठेवली होती. त्या पोरांचे गाव जळत असताना ती येथे टेबललँडवरून हीच कृष्णा पाहत असतील.

पारसनीस आणि लोरेंट्झ यांची जोडी लावताना एक फरक मी लपवीत नाही. पारसनिसांवर कोणी बंदूक रोखली नव्हती. त्यांनी तोफांच्या माऱ्यातून एकही रुमाल काढला नाही. त्यांचे युद्ध पन्नास-शंभर वर्षे आधीच होऊन गेले होते, आणि त्यात आपण हरलो होतो. हरलेल्या राज्याचे कागद वाचविणे हे काम निराळे. त्यात शौर्य दिसत नाही. आर्जव दिसते, खेपा दिसतात, कोणाच्या तरी ओट्यावर तासन्‌तास बसणे दिसते. परंतु दोघांच्या कामाचा गाभा एकच: वस्तू, तिची नोंद आणि तिची जागा या तिन्ही एकत्र टिकल्या पाहिजेत.

युद्धात संग्रहांस हात लावू नये असा एक आंतरराष्ट्रीय करार १४ मे १९५४ रोजी हेग येथे झाला. हिंदुस्थानने तो १९५८ मध्ये मान्य केला. संरक्षित वास्तूंवर निळ्या-पांढऱ्या ढालीची खूण लावावी असे त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. पण ढाल विमानातून दिसते. आतल्या माणसांना ती दिसावी कशी? ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर संस्थेवर जमाव चालून गेला तेव्हा कोणाशीही युद्ध चालू नव्हते. फोडलेली कपाटे, विस्कटलेली हस्तलिखिते लावावयास नंतर सामान्य पुणेकर, विद्यार्थी धावून आले हेही खरे आहे. पण कोणते पान कोणाच्या शेजारी होते हे धावून आलेल्यांस कसे कळणार?

आता माझ्या घरची गोष्ट सांगून पुरे करतो. सांगावयास संकोच वाटतो, परंतु दुसऱ्यांच्या माळ्यांवर एवढे बोलल्यावर स्वतःचा माळा टाळणे बरे नव्हे. आमच्या जुन्या घरात लाल खारव्यात बांधलेली सात-आठ गाठोडी होती. आजोबा होते तोवर दर चैत्रात ती अंगणात उन्हात पडत. आजी त्यांत वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळला पाला घाली. आम्हां मुलांना हात लावावयाची बंदी होती. आजोबा गेले. घरात मोडी वाचणारे कोणी उरले नाही. एका पावसाळ्यात पागोळी माळ्यावर गळली, दोन गाठोड्यांचा लगदा झाला. ‘आता ह्याचे काय करायचे?’ असे कोणी तरी म्हणाले, आणि उरलेली हळूहळू न्हाणीघरातल्या बंबात गेली. जाळणारांत मी होतो. हातकागद कसा जळतो ते मला ठाऊक आहे: तो भडकत नाही, कडेने लाल होत आत जातो, आणि अक्षरे थोडा वेळ राखेवर दिसत राहतात. तेव्हा मला त्याची मौज वाटत असे. एका खारव्याची आईने पायपुसणी केली.

एक अर्धा कागद मात्र राहिला, आजोबांच्या पोथीत खूण म्हणून घातलेला. वर्षांनंतर मी तो एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांकडे नेला. त्यांनी चष्मा लावून, उजेडाकडे धरून वाचला. वरचा भाग फाटून गेलेला. गवताच्या पेंढ्या पोहोचल्याचा मजकूर, घोड्यांच्या दाण्याचा हिशेब, आणि खाली ‘चंद्र २४’ एवढेच.

‘साल कोणते?’ मी विचारले.

‘याच्या बरोबरचे बाकीचे कागद आणा,’ ते म्हणाले, ‘मग सांगतो.’